एकेका चिमणीला संमतीपत्र, पण वस्तीवरच्या हवेची बेरीज कोण करतं?

शाळेची_बाई

नमस्कार मंडळी. बरेच महिने मनात घोळतंय, आज लिहून काढते.

मी चेंबूरला राहते आणि मुंबईच्या पूर्व भागातल्या एका शाळेत चौथीला शिकवते. वर्गातली निम्मी मुलं माहुलच्या प्रकल्पबाधितांच्या इमारतींतून येतात. ज्यांनी त्या इमारती पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते: ७२ इमारती, १७,२०५ घरं, एकेक घर सव्वादोनशे चौरस फुटांचं. आजूबाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या, खतांचा कारखाना, वीजकेंद्र. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या २०१७ मध्ये पाडल्या, तेव्हा त्यातल्या पुष्कळ लोकांना इथे आणून ठेवलं.

रात्री वास सुटला की सकाळी वर्ग अर्धा रिकामा असतो. आलेली मुलंही डोळे चोळत बसतात. एक मुलगी आहे, अतिशय हुशार. ती प्रार्थनेला उभी राहिली की दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज बंद होतो, नुसते ओठ हलतात. मधल्या सुट्टीत दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यातून दम्याचा पंप काढते आणि भिंतीकडे तोंड करून ओढते, कुणी पाहू नये म्हणून. गेल्या वर्षापासून मी हजेरीपटाच्या समासात पेन्सिलीनं 'ग' लिहू लागले. ज्या दिवशी मुलं "बाई, रात्री गॅस सोडला होता" असं सांगतात, त्या दिवशी 'ग'.

मग एका रविवारी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून परिसरातल्या काही कारखान्यांची संमतीपत्रं, म्हणजे कारखाना चालवायचे परवाने, उतरवून घेतली आणि शब्दकोश घेऊन वाचत बसले. चिमणीची उंची आहे, इंधन आहे, कोणता वायू किती सोडायचा ते आहे. पण शेजारी आणखी किती कारखाने आहेत, त्या सगळ्यांचं मिळून वस्तीवर काय पडतं आणि तिथे कोण राहतं, हे मला एकाही कागदात सापडलं नाही.

माझा प्रश्न साधा आहे. परवाना देताना ही बेरीज कुणी करतं का? करत असेल तर कुठे, आणि नसेल तर का नाही?

——

खाडीकाठ

बाई, मी माहुल कोळीवाड्यातला. तुमचा तो 'ग' वाचून अंगावर काटा आला.

आमच्याकडे वासाची वेळ ठरलेली आहे. थंडीत रात्री अकरानंतर. आई उठते, जुनं लुगडं ओलं करते आणि खिडकीच्या फटीत बोळे कोंबते. वासही एक नाही, तीन-चार. एक सडलेल्या कांद्यासारखा, एक रंगाच्या डब्यासारखा गोडसर, तो डोक्यात चढतो. कुठला वास कुठून येतो ते आमच्या म्हाताऱ्यांना वाऱ्यावरून कळतं.

बाबांच्या वेळेला खाडीत निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी भरपूर मिळायची. आता जाळ्याला तेल लागतं, ते आधी धुवावं लागतं.

——

सरळ_रेषा

भावना समजतात, पण दुसरी बाजूही मांडायला हवी. ट्रॉम्बेचे कारखाने १९५० च्या दशकातले. तेव्हा तिथे मुंबई संपत होती. वस्ती नंतर आली. कारखान्याशेजारी घर घ्यायचं आणि मग धूर येतो म्हणायचं, हे कितपत योग्य? हजारो लोकांची चूल त्या कारखान्यांवर पेटते. शिवाय इथे लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या घरात गॅस सिलिंडर आहे.

——

खाडीकाठ

@सरळ_रेषा, शुद्धीकरण कारखाने १९५४-५५ ला सुरू झाले. कोळीवाडा त्याच्या कितीतरी आधीचा. आम्ही कुणाच्या शेजारी राहायला गेलो नाही दादा, आमच्या शेजारी आले.

——

शाळेची_बाई

आणि इमारतींतल्या लोकांनी तिथे घर "घेतलं" नाही. सरकारनंच बांधली, सरकारनंच चाव्या दिल्या. माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप विद्याविहार, घाटकोपरकडे पाइपलाइनच्या कडेला राहत होते. त्यांना नको होतं माहुल. २०१८ च्या ऑक्टोबरपासून त्यातले कितीतरी जण विद्याविहारच्या फुटपाथवर ठिय्या देऊन बसले होते, लहान मुलं घेऊन, पावसापाण्यात. फुटपाथ चालेल पण ते घर नको, असं माणूस कधी म्हणतो, याचा विचार करा.

——

नोटीसवाला

कायद्याच्या बाजूने थोडं लिहितो. या विषयातली कागदपत्रं बरीच चाळली आहेत.

माहुल-आंबापाड्याचे ग्रामस्थ राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाची प्रकरणं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, गेले. त्या प्रकरणात केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीचा आधार होता. पाहणीतल्या ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती, ८६.६ टक्क्यांना डोळ्यांची जळजळ, ८४.५ टक्क्यांना छाती कोंडल्यासारखं वाटणं. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने मान्य केलं की इथल्या हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे.

आता तारखा पाहा. निकाल २०१५ चा, आणि पाइपलाइनलगतच्या लोकांना तिथे पाठवलं २०१७ मध्ये. धोका कागदावर आल्यानंतर.

एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं की माहुलला जायला कुणावर सक्ती करता येणार नाही. ज्यांना तिथे जायचं नाही अशा पाइपलाइनबाधित कुटुंबांना महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क म्हणजे श्वास घेता येईल अशा जागी जगण्याचा हक्क, हे त्यामागचं तत्त्व. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची पर्यावरण भरपाई लावली. त्याविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

मूळ प्रश्नावर नंतर सविस्तर लिहितो, उद्या तारीख आहे.

——

पाऊलवाट

वाचनखूण साठवली. नोटीसवाले, लवकर या.

——

चांदागडकर

आमच्या चंद्रपुरात या अन् पहा मंडळी. २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र गावाच्या उशाशी, चारीकडून कोळसा खाणी, घुग्घुसकडे सिमेंट अन् लोखंडाचे कारखाने, बल्लारपुरात कागद कारखाना. सकाळी अंगणात सडा टाकला की अर्ध्या तासात त्यावर करडी साय धरते. दोरीवरचे कपडे आधी झटकायचे, मग घडी घालायची, हे आमच्या पोरींना न शिकवता येते. दुर्गापूरकडे माझी मावशी राहते. पाण्याच्या माठावर ती कापड बांधते, अन् संध्याकाळी ते कापड काळं निघते.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला होता. ७० च्या वर गेलं की 'अतिप्रदूषित'. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले, देशात चौथे! महाराष्ट्रातून आणखी डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई, तारापूर होते. चेंबूर ६९.१९ वर, म्हणजे जरासं अलीकडे. २०१० च्या जानेवारीत अशा ठिकाणच्या नवीन मंजुऱ्या थांबवल्या होत्या.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे पहा. बेरीज एकदा झाली होती. हवा, पाणी, जमीन, लोकसंख्या, सगळं धरून. ती झाली म्हणून तर बंदी आली. पण बंदी हळूहळू उठली, अन् २०१८ ला पुन्हा मोजलं तेव्हा तारापूर ९३.६९ घेऊन देशात पहिलं!

——

निवृत्त_अभियंता

मी ३४ वर्षं रासायनिक उद्योगात होतो, त्यातली बरीचशी कारखान्याच्या आतून प्रदूषणाची कागदपत्रं भरण्यात गेली. आतल्या माणसाच्या नजरेतून सांगतो.

संमतीपत्रात जी मर्यादा असते ती बहुतेक वेळा सांद्रतेची असते. चिमणीतून निघणाऱ्या एक घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम धूळ, इतकं. तुमचा बॉयलर छोटा असो की मोठा, तो आकडा पाळला की पास. एका परिसरात असे वीस बॉयलर असले तर वीसही पास. चिमणीची उंची ठरवायचं सूत्र आहे, ते तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो यावर चालतं. ५०० मेगावॅटच्या संचाला २७५ मीटरची चिमणी लागायची. उंचीचा उपयोग इतकाच की धूर लांब जाऊन पातळ व्हावा. पण शेजारच्यांचा धूरही तिथेच येऊन पडतो का, हे ते सूत्र विचारत नाही.

दुसरी गोष्ट, माहुलसारख्या ठिकाणी चिमणी हा अर्धाच विषय आहे. वास येतो तो टाक्यांमधून, झडपांमधून, पंपांच्या सीलमधून आणि टँकर भरताना. रिकाम्या टँकरमध्ये आधीच्या मालाची वाफ असते. वरून नवा माल ओतला की ती वाफ बाहेर ढकलली जाते. ती धरून परत द्रव करायची यंत्रणा असते, टाकीवर तरंगतं छप्पर बसवता येतं. खर्च आहे, पण अवघड काहीच नाही. आणि बाई, थंडीतच वास का, ते सांगतो. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेनं उबदार असते. त्यामुळे खालची हवा वर जात नाही, झाकण ठेवल्यासारखं होतं. वारा पडलेला असतो. दिवसा जेवढी वाफ सुटून विरून जाते, तेवढीच रात्री वस्तीत साचते. म्हणजे रात्री "सोडलाच" असेल असं दर वेळी नाही. पण नाकाला त्यानं काय फरक पडतो!

तिसरं, देशाच्या हवेच्या मानकात २००९ पासून १२ प्रदूषकं आहेत. त्यात बेंझीन आहे, टोल्युइन नाही. खाडीकाठ यांनी सांगितलेला तो रंगाच्या डब्यासारखा वास टोल्युइन-झायलीनचा असू शकतो. चौकातल्या फलकावर हवा 'समाधानकारक' दिसते आणि घरात डोकं दुखतं, त्याचं एक कारण हे.

@सरळ_रेषा, मी उद्योगाच्या विरोधात नाही, माझं घर त्यावरच उभं राहिलं. पण पाळी संपली की मी ठाण्याला जायचो. माझी मुलं तिथे झोपत नव्हती.

——

सरळ_रेषा

अभियंतासाहेब, नवीन प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात मात्र बेरीज असते ना? दहा किलोमीटरच्या परिघातली सध्याची हवा मोजतात, त्यात प्रकल्पाची भर घालून दाखवतात. म्हणजे व्यवस्था नाही असं म्हणणं बरोबर नाही.

——

निवृत्त_अभियंता

बरोबर आहे तुमचं, पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांना ते करावं लागतं. पण मोजणी बहुधा एकाच ऋतूची असते, पावसाळा सोडून तीन महिने. आणि यंत्र कुठे ठेवलं यावर पुष्कळ काही ठरतं. मुख्य म्हणजे जुन्या कारखान्याचं संमतीपत्र नूतनीकरणाला येतं तेव्हा ही बेरीज होत नाही. उत्पादन वाढलं नाही, प्रदूषण वाढलं नाही असं कंपनीनं स्वतः लिहून दिलं की नूतनीकरण होण्याची सोय आहे. कंपनीच्या कुंपणाच्या आत काही वाढलं नसेलही. कुंपणाबाहेर मधल्या काळात सतरा हजार घरं उभी राहिली, ती कुठे लिहायची?

——

पाऊलवाट

या शेवटच्या वाक्यासाठी अभियंताकाकांना दंडवत.

——

डॉ_बालरोग

गोवंडी-मानखुर्द भागात माझी ओपीडी आहे, म्हणून लिहितो. देवनारच्या कचराभूमीला २०१६ च्या जानेवारीत मोठी आग लागली तेव्हा तो धूर शहरभर दिसला म्हणून बातमी झाली. आमच्याकडे लहान आगी नेहमीच्या होत्या. १९२७ पासून शहराचा कचरा तिथे पडतोय. त्यात रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळण्याचा प्रकल्पही याच वस्तीत. लोकांनी याचिका केली, २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो दोन वर्षांत हलवायला सांगितलं. हलवायचं ठिकाण रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात. खालापूर म्हणजे कातकरी-ठाकर वाड्यांचा तालुका. आता तिथल्या आया कुठल्या डॉक्टरकडे जाणार, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दवाखान्यातलं एकच सांगतो. दम्याच्या मुलाला मी पंप लिहून देतो, आईला सांगतो "धुरापासून लांब ठेवा". परवा एक आई मला शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, कुठं ठेवू?" त्यानंतर हे वाक्य मी कुणालाही सांगू शकलेलो नाही.

बाई, तुमच्या त्या मुलीला पंपाबरोबर लावायचा फुगा, म्हणजे स्पेसर, मिळाला आहे का बघा. नुसता पंप ओढला तर बरंचसं औषध घशातच राहतं. नसेल तर संपर्कातून निरोप टाका, मी देतो. आणि भिंतीकडे तोंड करू देऊ नका तिला. वर्गाला एकदा समजावून सांगा, मुलं फार पटकन समजून घेतात.

——

शाळेची_बाई

डॉक्टर, खूप आभार. स्पेसर नाहीये तिच्याकडे. निरोप टाकलाय.

——

एडिसनची_मीना

मी न्यू जर्सीत राहते, इथल्या राज्याच्या पर्यावरण खात्याशी कामानिमित्त संबंध येतो. बाईंनी विचारलेला प्रश्न इथे जसाच्या तसा विचारला गेला आणि त्याचा कायदा झाला, म्हणून लिहावंसं वाटलं.

अमेरिकेत ही चळवळ १९८२ पासून धरतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन काउंटीत, जिथे बहुतेक वस्ती गरीब कृष्णवर्णीयांची होती, तिथे विषारी पीसीबी मिसळलेली माती आणून पुरायचं ठरलं. लोक रस्त्यावर आडवे झाले. ट्रक थांबले नाहीत, पण प्रश्न देशभर पोचला: हे नेहमी याच लोकांच्या दारात का? १९९४ मध्ये क्लिंटन यांनी केंद्राच्या सगळ्या खात्यांना यात लक्ष घालायचा आदेश दिला. तो २०२५ च्या जानेवारीत रद्द झाला. म्हणूनच राज्यांचे कायदे महत्त्वाचे.

आमच्या राज्याचा कायदा सप्टेंबर २०२० चा, नियम एप्रिल २०२३ चे. आधी 'भार सोसणारी वस्ती' कुठली ते ठरवलं: जनगणनेच्या ज्या गटात किमान ३५ टक्के घरं अल्प उत्पन्नाची, किंवा किमान ४० टक्के रहिवासी अल्पसंख्याक वा आदिवासी, किंवा किमान ४० टक्के घरांत इंग्रजी नीट येत नाही. अशा वस्तीत कचरा जाळण्याचा प्रकल्प, मोठा धूर सोडणारा कारखाना, भंगाराचा मोठा अड्डा असं काही आणायचं असेल, तर कंपनीला आधी त्या वस्तीवर असलेले सगळे ताण मोजावे लागतात आणि वस्तीत जाऊन सुनावणी घ्यावी लागते. ताण आधीच इतरांपेक्षा जास्त असेल आणि प्रकल्पाने त्यात भर पडणार असेल, तर नवीन प्रकल्पाला परवानगी नाकारावीच लागते. वस्तीची स्वतःची निकडीची गरज असेल तरच अपवाद. रोजगार मिळेल, कर मिळेल, ही निकड धरत नाहीत. जुन्या प्रकल्पाच्या नूतनीकरणाला मात्र नकार नाही, जास्तीच्या अटी घालता येतात.

नूअर्कला आयर्नबाउंड म्हणून वस्ती आहे. पोर्तुगीज, ब्राझिलियन, लॅटिन अमेरिकन लोक, कचऱ्याची भट्टी, बंदराचे ट्रक, वरून विमानं. तिथल्या बायका कितीतरी वर्षं नगरपालिकेच्या बैठकांना जाऊन बसत होत्या. कायदा त्यांच्या बसण्यातून आलाय.

——

सरळ_रेषा

मीनाताई, हे वाचलं नव्हतं कधी. "नाकारावीच लागते" हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे अशी वस्ती कशी ठरवायची? जातीवर की उत्पन्नावर?

——

चांदागडकर

दोन्ही एकाच घरात सापडतात भाऊ. ज्यांच्या जमिनी खाणीत गेल्या ते कोण, अन् राखेच्या तळ्याच्या खालच्या अंगाला राहते ते कोण, एकदा पायी फिरून पहा. नागपूरजवळ कोराडीचा राखेचा बंधारा २०२२ च्या जुलैत फुटला तेव्हा राख कुणाच्या वावरात गेली? ज्यांच्या घरात त्या विजेचं बिल सगळ्यात कमी येते त्यांच्या.

——

वास्कोकार

गोव्यातून लिहितोय. आमच्या वास्कोला बंदरातल्या कोळशाची भुकटी घरात येते. खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की काळं. मुरगाव बंदरात कोळसा हाताळणी वाढवायच्या प्रस्तावावर २०१७ च्या एप्रिलमध्ये जनसुनावणी झाली, ती बरेच दिवस चालली. लोक संपेचनात. कुणी भुकटीने भरलेली बाटली आणली, कुणी मुलांचे रिपोर्ट. एक म्हातारी कोंकणीत इतकंच बोलली की हांव पुसून पुसून थकलें, आणि खाली बसली. माझ्या आठवणीत त्या सगळ्या दिवसांतलं तेवढंच राहिलंय.

म्हणून सांगतो, जनसुनावणी कुठेही असो, चुकवू नका. जे बोलाल ते इतिवृत्तात यायला पाहिजे, असा आग्रह धरा.

——

नोटीसवाला

परत आलो. जनसुनावणीचा धागा पकडतो आणि बाईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. ती बदलायच्या २०२० च्या मसुद्यात हे ३० दिवस २० वर आणायचं चाललं होतं. मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे जिथे कारखाने सगळ्यात दाटीनं आहेत, तिथल्या शेजाऱ्यांनाच विचारायची सक्ती नाही. अभियंतासाहेब, तुमची नूतनीकरणाची फट आणि ही सूट एकत्र ठेवा, म्हणजे बेरीज कुठे गळते ते दिसेल.

तर बाई, उत्तर असं. १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम २१ खाली मंडळ प्रत्येक उद्योगाला वेगळं संमतीपत्र देतं. त्या कलमात वस्तीवरचा एकूण भार मोजायचं बंधन स्पष्ट शब्दांत नाही. पण मंडळाला अटी घालायचा, अटी बदलायचा आणि संमती नाकारायचा अधिकार आहे. बेरीज करायला कायद्याची आडकाठी नाही. ती करून मागणारं कुणी लागतं. नूतनीकरणाच्या वेळी लेखी हरकत द्या: आधीच्या पत्रानंतर इथे इतकी वस्ती आली, लवादाने धोका मान्य केला, मुलांच्या आरोग्याची ही नोंद. आवक-जावक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. नाकारलं तर अपील. तुमचा 'ग' पुरावा आहे. दिवसागणिक, ज्या त्या वेळी केलेली, तिऱ्हाईत व्यक्तीची नोंद. रबर जवळ ठेवू नका, आता शाईनं लिहा!

——

खाडीकाठ

वकीलसाहेब, आमच्या कोळीवाड्यातल्या बायकांनी पण कॅलेंडरवर खुणा केल्या आहेत. मासळी बाजाराच्या हिशेबाच्या बाजूलाच. त्या चालतील का?

——

नोटीसवाला

चालतील काय, धावतील. पानांचे फोटो काढा, मूळ कॅलेंडर फेकू नका.

——

निवृत्त_अभियंता

मी मदत करतो. त्या तारखांना रात्री वारा कुठून होता, किती होता, हे वेधशाळेच्या नोंदींतून काढून समोर मांडता येईल. खाडीकाठ, म्हाताऱ्यांना वाऱ्यावरून वास ओळखता येतो म्हणालात, तेही प्रत्येक तारखेसमोर लिहून घ्या. टाकी भरणीच्या वेळा कंपनीकडे असतात, त्या मागायच्या.

——

सरळ_रेषा

मी आधी जे लिहिलं त्यातलं "वस्ती नंतर आली" हे मागे घेतो. कारखाने बंद करा असं अजूनही म्हणणार नाही. पण एक माहिती काल हाती लागली, ती इथे ठेवतो. महापालिकेने २०२५ मध्ये माहुलची रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली. मुंबईत, एवढ्या किमतीत! तरी प्रतिसाद अगदी थोडा आला. ज्यांना निवडता येतं त्यांनी निवड करून दाखवली. ज्यांना येत नाही ते तिथे आहेत.

——

चांदागडकर

सरळ_रेषा भाऊ, हे लिहायला मोठं मन लागते. चंद्रपूरला या कधी, वडा-भात खाऊ घालतो.

अन् आमच्यासाठी एक विचारतो. औष्णिक केंद्रांना धुरातलं गंधक धुवायची यंत्रणा बसवा म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये नियम आला, दोन वर्षांची मुदत होती. मग मुदती वाढत गेल्या, अन् जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना ती अटच राहिली नाही. वकीलसाहेब, यावर वेगळा धागा काढू का?

——

नोटीसवाला

जरूर काढा. या धाग्यात माहुलचं पूर्ण होऊ द्या.

——

शाळेची_बाई

धागा वर काढते आहे, तीन आठवड्यांनी.

१४ महिन्यांच्या हजेरीपटांतून सगळे 'ग' उतरवून काढले. ११८ दिवस. त्यातल्या थंडीच्या चार महिन्यांतलेच ७१. खाडीकाठ यांच्या आई आणि शेजारणी तीन कॅलेंडरं पिशवीत घालून शाळेत घेऊन आल्या, मासळीचा वास तसाच पानांना. दोन्हीकडच्या ८३ तारखा जुळल्या. अभियंताकाकांनी समोर वाऱ्याचा रकाना भरून दिला. नोटीसवाल्यांनी मसुदा तपासला. त्यात मागणी एकच ठेवली आहे: कुठल्याही नूतनीकरणाआधी परिसरातल्या सगळ्या उद्योगांचा मिळून वस्तीवर किती भार पडतो ते मोजा, थंडीत आणि रात्री मोजा, टोल्युइनसकट मोजा, आणि तो आकडा मराठीत लावा.

काल आम्ही नऊ जणी आणि खाडीकाठ, असे कार्यालयात गेलो. टेबलावरच्या बाईंनी आधी पाकीट उघडलं नाही. मग कॅलेंडरांच्या प्रती दिसल्या तशा त्या एकेक पान उलटत राहिल्या, बराच वेळ. शिक्का मारताना म्हणाल्या, "माझी बहीण राहते तिकडे."

आवक क्रमांक मिळाला आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज महिन्याने.

डॉक्टर, ती आता पंप सगळ्यांसमोर घेते. फुगा धरायचं काम शेजारच्या मुलानं स्वतःकडे घेतलंय, दहा मोजायचं काम तिसऱ्यानं. आज सकाळी पुन्हा 'ग' लिहावा लागला. शाईनं लिहिला.

——

खाडीकाठ

आई विचारते, पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आत्ताच आणू का? मोठ्या चौकोनांचं.

——

शाळेची_बाई

आणा. दोन आणा, एक शाळेत लावते.